जुनी मोटारसायकल आणि फिटनेस तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी बाईक तपासणीला न्यायची म्हटलं की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. साध्यापासून सुरुवात आहे, अडचणीचे प्रश्न पुढे आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. तपासणीत नक्की काय बघतात? इंजिन उघडतात का?

नाही, काहीच उघडत नाहीत. बघून, हाताने हलवून आणि मशीनवर जेवढं कळतं तेवढंच. ब्रेक, टायर, रिम, हँडल, सस्पेन्शन, चॅसी, चेन, लाईट, हॉर्न, आरसे, सायलेन्सर, पेट्रोल गळती, नंबरप्लेट आणि कागदावरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळतोय का, हा साधारण सगळीकडचा गाभा. काही देशांत धूरही याच तपासणीत मोजतात, काही ठिकाणी त्याचं सर्टिफिकेट वेगळं असतं. पिस्टन झिजलाय, क्लच घसरतोय, तिसरा गिअर आवाज करतो या गोष्टी बहुतेक ठिकाणी तपासणीच्या बाहेर आहेत. म्हणजे इंजिन एकदम मख्खन असलेली गाडी एका ब्रेकलाईटवर नापास होऊ शकते आणि दमलेल्या इंजिनाची गाडी आरामात पास होऊ शकते. लोक इंजिनावर खर्च करून तपासणीला जातात आणि कोन सेटवर (हँडल ज्या बॉल-बेअरिंगवर वळतं तो सेट) अडकतात, ते याच्यामुळेच.

२. किती वर्षांनी तपासणी लागते?

देशागणिक फार फरक आहे. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर गाडी दाखवून, तपासून दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण. ब्रिटनमध्ये पहिली तपासणी ३ वर्षांनी, मग दरवर्षी (उत्तर आयर्लंडमध्ये पहिली ४ वर्षांनी). जर्मनीत मोटारसायकलला दर २४ महिन्यांनी. जपानमध्ये २५० सीसीच्या वरच्या बाईकला नवीन असताना ३ वर्षं आणि नंतर दर २ वर्षांनी, २५० पर्यंतच्या गाड्यांना ही तपासणीच नाही. फ्रान्समध्ये दुचाकींची तपासणी अगदी अलीकडे, १५ एप्रिल २०२४ पासून सुरू झाली. युरोपियन युनियनच्या २०१४ च्या निर्देशात १ जानेवारी २०२२ पासून १२५ सीसीवरच्या बाईक्स तपासणीत आणायचं ठरलं होतं पण रस्ता सुरक्षेचे दुसरे उपाय दाखवले तर सूट घ्यायची मुभाही होती, आणि नेदरलँड्स, आयर्लंड अशा देशांत मोटारसायकलला आजही अशी नियमित तपासणी नाही.

भारतातली १५ वर्षांची पद्धत मला स्वतःला धोक्याची वाटते. पहिल्या १५ वर्षांत ब्रेक कोणी अधिकृतपणे बघतच नाही आणि मग एकदम सगळी थकबाकी वर येते. तुमच्याकडे नियम काहीही असू दे, स्वतःची तपासणी दरवर्षी करा.

३. गाडी जुनी आहे म्हणूनच नापास करतात का?

निकाल भागांच्या स्थितीवर लागतो, वयावर नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तर जुन्या गाडीला तिच्या काळाचाच नियम लावतात. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९८६ च्या आधी पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या बाईकला इंडिकेटर सक्तीचे नाहीत. जर्मनीत मोटारसायकलची धुराची चाचणी १ जानेवारी १९८९ पासून पहिली नोंदणी झालेल्या गाड्यांनाच आहे. भारतात पीयूसीच्या मर्यादा गाडी कुठल्या सालात बनली त्यावर ठरतात (आकडे प्रश्न १० मध्ये).

खरं सांगायचं तर गाडीला वय नडत नाही, उभं राहणं नडतं. रोज चालणारी वीस वर्षांची गाडी आणि पाच वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली दहा वर्षांची गाडी यात पहिली पास व्हायची शक्यता जास्त. रबर सुकतं, ग्रीस घट्ट होतं, ड्रमला गंज चढतो, कनेक्टर हिरवे पडतात, आणि यातलं काहीच किलोमीटरवर अवलंबून नाही.

४. मग जुन्या गाड्या जास्त करून कशात अडकतात?

लाईट, ब्रेक, टायर आणि कोन सेट या चार गोष्टींत. त्याखालोखाल चेन-स्प्रॉकेट, गळके फोर्क सील (फोर्क म्हणजे पुढचे शॉकअप), सडका सायलेन्सर. यादी बघितली तर लक्षात येईल की यातलं जवळपास सगळं झिजणारं, स्वस्त आणि बदलता येण्यासारखं आहे. चॅसी सडली असेल किंवा वाकली असेल तर गोष्ट वेगळी, पण ते क्वचित.

५. माझे ब्रेक लागतात व्यवस्थित, तरी ब्रेकमध्ये नापास कसं केलं?

कारण तुम्हाला सवय झालेली असते. ब्रेक हळूहळू कमी होतो आणि माणूस नकळत जास्त जोर लावायला लागतो, लवकर दाबायला लागतो. मशीनला सवय होत नाही, ते गाडीच्या वजनाच्या तुलनेत ब्रेकचा जोर किती टक्के आहे ते सांगतं. ब्रिटनमध्ये दोन ब्रेकपैकी एकाने निदान ३० टक्के आणि दुसऱ्याने निदान २५ टक्के द्यावं लागतं, म्हणजे नुसत्या मागच्या किंवा नुसत्या पुढच्या ब्रेकवर भागत नाही.

ड्रम ब्रेक असेल तर एक गोष्ट जवळ जाऊन बघा. ड्रमच्या बाहेर जो आर्म असतो, ज्याला रॉड किंवा केबल जोडलेली असते, तो ब्रेक पूर्ण दाबल्यावर रॉडशी काटकोनात किंवा त्याच्या किंचित आत यायला हवा. आतल्या शूवरचे (ड्रमला आतून घासणारे) लायनर झिजत गेले की शू उघडणारा कॅम जास्त फिरतो, आर्म काटकोनाच्या पुढे जातो आणि मग तुम्ही कितीही जोर लावा, जोर वाया जातो. बऱ्याच गाड्यांत आर्मपाशी बाण आणि प्लेटवर खूण असते, ब्रेक दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला की शू संपले. काही जण काय करतात की शू न बदलता आर्मच काढून एक दात मागे बसवतात, दिसायला सगळं परत जागेवर. हे करू नका. आतला कॅम जास्त फिरून आडवा पडला की शू तसेच उघडे अडकतात आणि चाक चालत्या गाडीत जाम होतं.

शूवर कधीकधी चकचकीत कडक थर येतो, त्यावर सँडपेपर मारून आणि ड्रम पुसून बराच फरक पडतो. पण शूला ग्रीस किंवा ऑइल लागलं असेल तर सरळ बदला, पेट्रोलने धुऊन ते जात नाही. ब्रेक दाबला की लिव्हर पायाखाली किंवा बोटांखाली धकधक करत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय.

डिस्क असेल तर तीन गोष्टी. पॅडची जाडी, डिस्कची जाडी (किमान आकडा बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेला असतो) आणि ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, आणि जुन्या गाड्यांत ते चहासारखं काळपट झालेलं असतं. त्या पाण्याने आत पिस्टनला गंज लागतो, पिस्टन परत येत नाही आणि ब्रेक सोडला तरी चाक घासत राहतं. चाक उचलून हाताने फिरवा, ब्रेक दाबून सोडा, परत फिरवा, दोन्ही वेळा सारखं मोकळं फिरलं पाहिजे. रबरी ब्रेक पाइप वाकवून बघा, भेगा दिसल्या तर नवीन टाका.

६. कोन सेट गेलाय हे घरी कसं ओळखायचं?

गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक जमिनीपासून उचललं गेलं पाहिजे. समोर बसून फोर्कचे खालचे टोक दोन्ही हातांनी धरा आणि पुढे-मागे ढकला. टक्क असं जाणवलं तर कोन सेट ढिला आहे. मग उठून हँडल अगदी हलक्या हाताने, एका बोटाने, डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं थांबलं तर वाट्यांवर बॉलचे खड्डे पडलेत. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, सगळे धक्के त्याच जागेवर बसतात, म्हणून खड्डे मधोमधच पडतात.

ढिला असेल तर टाइट करून भागतं. खड्डे पडले असतील तर टाइट केल्याने उलट वाईट होतं, टक्क आवाज जातो पण हँडल मध्ये अडकतं आणि कमी स्पीडला गाडी डावी-उजवी झोकांड्या खाते. तपासणारा हे दोन्ही करून बघतो त्यामुळे आदल्या दिवशी पाना मारून लपत नाही. वरच्या-खालच्या वाट्या आणि बॉल सगळा सेट एकदम बदला, नुसते बॉल बदलू नका. आणि निष्कर्ष काढायच्या आधी क्लचची किंवा मीटरची केबल हँडल वळताना ताणली जात नाही ना ते बघा, कधीकधी दोष केबलचा असतो.

७. मागून गाडी लचकते, हा पण कोन सेटच का?

बहुधा नाही. मेन स्टँडवर मागचं चाक वर-खाली आणि आडवं हलवा. चाकच हलत असेल तर व्हील बेअरिंग, चाकासकट अख्खा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, चॅसीला जोडलेला वर-खाली होणारा भाग) आडवा हलत असेल तर स्विंगआर्मचे बुश. कित्येक गाड्यांत स्विंगआर्मचा बोल्ट गाडी बनली त्या दिवसापासून एकदाही बाहेर आलेला नसतो, सर्व्हिसिंगमध्ये तो कोणी काढत नाही, आणि मग तो बुशसकट गंजून एकजीव होतो. बदलायला वेळ लागतो म्हणून हे काम तपासणीच्या तारखेआधी निदान पंधरा-वीस दिवस काढा.

पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर ऑइलची ओली रेघ दिसली तर सील गेलं. सील बदलूनही महिन्याभरात परत गळत असेल तर दांडीवर नख फिरवून बघा, गंजाचे बारीक खड्डे लागतील. ते खड्डे सील फाडतात, दांडी घासून किंवा नवीन टाकल्याशिवाय थांबत नाही.

८. टायरला नक्षी भरपूर आहे पण टायर दहा वर्षांचा आहे, चालेल का?

नक्षीच्या नियमात चालेल. भारतात दुचाकीला किमान ०.८ मिमी, ब्रिटनमध्ये ५० सीसीवरच्या बाईकला टायरच्या तीन चतुर्थांश रुंदीवर १ मिमी, जर्मनीत १.६ मिमी. पण नक्षी शिल्लक असली तरी भेगा, फुगवटा किंवा आतले धागे दिसले की नापास होतोच, आणि दहा वर्षांच्या टायरला बाजूच्या भिंतीवर भेगा नसणं दुर्मिळ.

टायरची तारीख टायरवरच असते. चौकटीतले चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल, म्हणजे २३१६ असेल तर २०१६ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० च्या आधीचा आहे, तो आजच काढा, तपासणी असो वा नसो. कडक झालेलं रबर ओल्या रस्त्यावर पकडत नाही आणि हे कुठल्याच मशीनवर दिसत नाही, म्हणून मी तरी पास होणाऱ्या जुन्या टायरवर फिरायला कोणाला सांगणार नाही.

टायर बघताना आरेही बघून घ्या. पेन घेऊन एकेका आऱ्यावर हलकं वाजवा, बाकीच्यांपेक्षा बोदा आवाज आला तो आरा ढिला.

९. हेडलाईट आयडलिंगला मंद होते, नापास करतील का?

जुन्या बऱ्याच छोट्या बाईक्सची हेडलाईट बॅटरीवर चालतच नाही, थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालते, त्यामुळे रेस कमी झाली की उजेड कमी होणं ही गाडीची मूळ रचना आहे. तपासणारा जाणकार असेल तर थोडी रेस ठेवून बघतो. रेस दिल्यावरही पिवळट मंद असेल तर मात्र दोष आहे. बल्ब बदलण्याआधी काचेच्या आतला रिफ्लेक्टर बघा, चांदी उडून काळपट झाला असेल तर कितीही भारी बल्ब लावा, उजेड पडणार नाही.

दुसरं कारण अर्थिंग. काही जुन्या गाड्यांत हेडलाईटचं अर्थ कोन सेटच्या बेअरिंगमधून चॅसीला जातं. बेअरिंगमध्ये ग्रीस आणि गंज आला की करंटला रस्ता राहत नाही. हेडलाईटपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वेगळी वायर ओढा, दहा मिनिटांचं काम आहे आणि फरक लगेच दिसतो. इंडिकेटर दिला की टेललाईट लुकलुकते, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो, असली विचित्र लक्षणं दिसली तरी पहिला संशय अर्थिंगवरच घ्या.

ब्रेकलाईट पुढच्या आणि मागच्या दोन्ही ब्रेकने लागते का ते वेगवेगळं तपासा. मागचा स्विच स्प्रिंगवर असतो, स्प्रिंग ताणली की लाईट उशिरा लागते किंवा लागूनच राहते. मागचा लाल रिफ्लेक्टर तुटला असेल तर तोही लावून घ्या, एवढ्यासाठी परत खेप मारावी लागते.

१०. पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त आला, एचसी (हायड्रोकार्बन) जास्त आला, याचा अर्थ काय?

सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर चोंदलाय, चोक पूर्ण बंद होत नाही, कार्ब्युरेटरची सुई-जेट झिजलीय, फ्लोटची लेव्हल वर आहे, किंवा कोणीतरी आयडलिंगचा स्क्रू अंदाजाने फिरवून ठेवलाय. एचसी जास्त म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर येतंय, प्लग खराब, ठिणगी चुकतेय, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, ऑइल जळतंय.

भारतात ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना सीओ ४.५ टक्के आणि एचसी ९००० पीपीएम अशी मर्यादा आहे. त्यानंतर बनलेल्यांना सीओ ३.५ टक्के, आणि एचसी टू स्ट्रोकला ६०००, फोर स्ट्रोकला ४५००. बीएस-६ गाड्यांच्या मर्यादा याहून खूप कडक आहेत, पण त्या जुन्या गाडीला लागत नाहीत. जर्मनीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या बाईकला सीओ ४.५ टक्के. ब्रिटनच्या मोटारसायकल तपासणीत धुराचा वायू मोजतच नाहीत.

चाचणीला इंजिन गरम करून जा. थंड इंजिनावर, अर्धा चोक ओढून कुठलीच कार्ब्युरेटरवाली गाडी चांगला आकडा देत नाही. आणि सायलेन्सरला मध्ये भोक असेल तर बाहेरची हवा आत जाऊन आकडाच चुकीचा येतो (सायलेन्सरचं पुढे प्रश्न १२ मध्ये).

११. माझी टू स्ट्रोक आहे, धूर तर निघणारच ना?

थोडा निघणारच, ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं आणि शिवाय ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच एक्झॉस्ट पोर्टमधून निसटतो, म्हणून तर टू स्ट्रोकचा एचसी मुळातच जास्त असतो. पण ढग सोडत जाणारी टू स्ट्रोक नॉर्मल नाही. ऑइल अंदाजाने ओतू नका, कंपनीने सांगितलेलं प्रमाण मोजून टाका. सायलेन्सरच्या आत वर्षानुवर्षं साठलेला काळा चिकट थर काढून घ्या, कारण ऑइल बरोबर टाकलं तरी तो जुना थर गरम होऊन धूर देत राहतो. हे सगळं करूनही निळा धूर जात नसेल आणि गिअर ऑइलची पातळी हळूहळू उतरत असेल तर क्रँकचं ऑइल सील गेलंय, इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतंय. ते सील बदलायला इंजिन खाली येतं.

१२. सायलेन्सरला छोटं भोक आहे, वेल्डिंग चालेल का?

नीट केलेलं वेल्डिंग बहुतेक ठिकाणी चालतं, पत्रा गुंडाळून क्लॅम्प मारलेला किंवा पट्टी चिकटवलेली चालेलच असं नाही. सायलेन्सर आतून सडतो, कारण जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर ती सुकण्याइतका गरमच होत नाही. एका जागी भोक पडलं म्हणजे आजूबाजूचा पत्राही कागद झालेला असतो, वेल्डर लावला की भोक मोठं होतं. अशा वेळी नवीन घ्या, पण आतली जाळी काढलेला नको, आवाजावर अडकाल.

१३. चॅसीवर गंज आहे, रंग मारून नेऊ का?

वरवरचा गंज असेल तर घासून, प्रायमर मारून रंगवा, काही हरकत नाही. खोल गंज रंगाखाली लपवू नका. ठोकून बघा, बोदा आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर ती जागा गेलेली आहे. मेन स्टँडचे कान, स्विंगआर्मच्या आसपास, बॅटरीच्या खालचा भाग (ॲसिडमुळे) आणि पाइपांच्या खालच्या बाजू या नेहमीच्या जागा.

रंग मारताना एक मात्र जपा, चॅसी नंबर. तो बहुतेक गाड्यांत हँडलच्या नळीवर किंवा जवळ कोरलेला असतो. त्यावर जाड रंग किंवा पावडर कोटिंग चढलं की नंबर वाचता येत नाही, आणि ग्राइंडरने घासला तर कोरीव काम पुसट होतं आणि नंबरशी छेडछाड केल्याचा संशय येतो. रंगाआधी त्या जागेवर टेप लावा. आधीच रंग चढला असेल तर पेंट रिमूव्हर लावून मऊ ब्रशने साफ करा, लोखंडी ब्रश नको. चॅसी नंबर खरंच गंजाने खाल्ला असेल तर स्वतः परत पंच करू नका, नोंदणी कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्यांच्या देखरेखीतच करायचं असतं ते.

१४. इंजिनमधून ऑइल पाझरतं, त्यावर नापास होते का?

पुसल्यावर दोन दिवसांनी ओलसर दिसणं आणि थेंब पडणं यात फरक आहे. नुसत्या पाझरावर सहसा अडवत नाहीत. थेंब टायरवर, ब्रेकवर किंवा गरम सायलेन्सरवर पडत असतील तर अडवतात, आणि अडवायलाच पाहिजे. पेट्रोलचं मात्र उलट, पेट्रोलची साधी ओलसुद्धा चालत नाही. जुने रबरी पाइप इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये फुगतात, कडक होतात, भेगाळतात, शिवाय कॉकचं वॉशर सुकतं. पाइप आणि वॉशर न बघता बदलून टाका.

१५. गाडी काही वर्षं बंद होती, चालू झाली की थेट न्यायची का?

नको. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, कार्ब्युरेटर साफ करा, ऑइल बदला, बॅटरी बघा, मग रिकाम्या रस्त्यावर थोडं थोडं चालवून ब्रेकला काम द्या म्हणजे ड्रमवरचा किंवा डिस्कवरचा गंज निघेल. उभ्या गाडीत टायर एकाच जागी चपटा पडतो, केबल आतून गंजतात. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडा, तो स्वतःहून झटकन बंद झाला पाहिजे, हँडल दोन्ही टोकांना वळवून परत हेच करा. अडकणारा ॲक्सिलरेटर घेऊन मेकॅनिककडेसुद्धा चालवत जाऊ नका.

१६. चेन आवाज करते पण टाइट केली की थांबतो, पुरेसं आहे?

मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसला तर चेन लांबलीय, टाइट करून उपयोग नाही. दात हुकासारखे वाकले असतील तर चेनसोबत दोन्ही स्प्रॉकेट बदला, जुन्या दातांवर नवीन चेन लवकर मरते. चेनगार्ड काढून ठेवला असेल तर परत लावा, त्यावरही अडवतात.

१७. मॉडिफाय केलेली आहे, काय होईल?

ज्या बदलाने रचनाच बदलते (चॅसी कापणं, दुसऱ्या मॉडेलचं इंजिन, वेगळा फोर्क) त्याची कागदावर नोंद लागते, ती नसेल तर भागांची स्थिती कितीही चांगली असू दे, गाडी अडकते. छोट्या बदलांत जास्त लोक अडकतात: मडगार्ड कापलेलं, आरसे काढलेले, इंडिकेटर इतके बारीक की उन्हात दिसत नाहीत, नंबरप्लेट तिरकी. हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये एलईडी बल्ब घातला की उजेड जास्त वाटतो पण तो रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो, एलईडीचा उजेड तिथून सुटत नाही, सगळीकडे विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. मूळ पार्ट फेकू नका, डब्यात घालून ठेवा.

१८. कंपनी बंद झाली, पार्ट मिळत नाहीत, मग?

बेअरिंग आणि ऑइल सील हे मापाने मिळतात, गाडीच्या नावाने मागू नका, जुन्या भागावर कोरलेला नंबर किंवा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगा. ब्रेक शूला नवीन लायनर चिकटवून मिळतात. केबल नमुना देऊन बनतात. बुश लेथवर होतात. अडतात ते रबरी माउंटिंग आणि मीटर-लाईटची प्लास्टिकं, ती जुन्या गाड्यांतूनच शोधावी लागतात, म्हणून दिसली तेव्हा घेऊन ठेवा.

१९. नापास झाली तर पुढे काय? गाडी चालवत घरी नेता येते का?

कारणांची लेखी यादी मागून घ्या, तोंडी ऐकून परत येऊ नका. फेरतपासणीला बहुतेक ठिकाणी मुदत असते, जर्मनीत एक महिना, ब्रिटनमध्ये ठराविक अटींवर १० कामाच्या दिवसांत फक्त दुरुस्त केलेल्या गोष्टी परत तपासून घेता येतात. चालवत नेण्याचं दोषावर आहे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून दोषांच्या तीन पायऱ्या आहेत, धोकादायक, मोठा आणि किरकोळ. धोकादायक असेल तर दुरुस्तीशिवाय गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, आधीचं सर्टिफिकेट शिल्लक असलं तरी. तुमच्याकडे अशा पायऱ्या नसतील तरी ब्रेक, स्टीअरिंग, टायर किंवा पेट्रोल गळतीवर नापास झालेली गाडी टेम्पोत घालूनच न्या.

२०. पास झाली पण शेरा मारलाय, दुर्लक्ष केलं तर चालेल?

शेरा म्हणजे आज चालतंय, पुढच्या वेळी चालणार नाही. जिथे दरवर्षी तपासणी आहे तिथे एखादा शेरा वर्षभर ढकलता येईल, पण जिथे पुढची तपासणी ५ वर्षांनी आहे तिथे मागच्या पॅडवर मारलेला शेरा ५ वर्षं कोण बघणार? पास झाल्याच्या महिन्यातच तो निकाली काढा.

२१. व्हिंटेज झाली की तपासणी माफ असते ना?

सगळीकडे नाही. ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून ४० वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना तपासणी माफ आहे, पण गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य ठेवायची जबाबदारी मालकाची राहतेच. जर्मनीत ३० वर्षांनी ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते पण दोन वर्षांची तपासणी चालूच राहते. भारतात २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. ती घेतली की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. रोज ऑफिसला नेत असाल तर तो रस्ता धरू नका, साधं नूतनीकरणच करा.

२२. जुनी बाईक विकत घेतोय, नुकतीच पास झालेली आहे, डोळे झाकून घेऊ का?

नाही. तपासणी त्या दिवसापुरती असते आणि इंजिन-गिअरबॉक्स तर त्यात नसतातच (प्रश्न १). शिवाय उसने टायर लावून पास करून परत जुने लावणारे विक्रेते आहेत. कोन सेट, स्विंगआर्म आणि ब्रेक आर्मच्या चाचण्या (प्रश्न ५, ६, ७) स्वतः करा, त्याला हत्यार लागत नाही. चॅसी नंबर बॅटरी-टॉर्चच्या उजेडात कागदाशी ताडून बघा. जिथे तपासणीचा जुना इतिहास मिळतो तिथे तो जरूर बघा, ब्रिटनमध्ये दर तपासणीला मीटरवरचा आकडा आणि दोष नोंदवतात आणि नंबर टाकून तो इतिहास कोणालाही ऑनलाइन दिसतो. एकच शेरा लागोपाठ तीन-चार वर्षं तसाच दिसला तर मालकाने गाडीकडे कसं बघितलंय ते कळतं. इतिहास मिळत नसेल तर विक्रेत्याला मागच्या दुरुस्त्यांची बिलं मागा, आणि तो एक चक्कर मारून बघू देत नसेल तर सौदा करू नका.